चारशे सायकलचा जळका डबा

माझ्या वडिलांचं, आबांचं, जाफराबादला मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटारींत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान होतं. तिथं हट्टानं बसणारी मी. आयटीआय केलेली, हात बसलेला, तरी गिऱ्हाईक मला बघून विचारायचं, "आबा न्हाईत का?" अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा आबांनी जालन्याच्या भंगारातून विमानातले दोन ट्रान्सफॉर्मर आणले. मुठीएवढे डबे, पण पाटीवरची ताकद आमच्या दुकानातल्या भल्यामोठ्या ट्रान्सफॉर्मरएवढी! एकशे पंधरा व्होल्टचे. म्हटलं, सोपंय, एकामागे एक जोडले की झाले आपले घरचे दोनशे तीस. बटण दाबलं आणि दोन्हींतून धूर! पाटीवरचं 'चारशे सायकल' मी वाचलंच नव्हतं. आबांनी एक डबा फळीवर मांडला. येईल त्याला दाखवायचे, "हा आमच्या पोरीचा पराक्रम!"

दुसरा मी रागारागानं उकलला. तारेचे वेढे मोजले, पुस्तकं काढली, कळेपर्यंत सोडलं नाही.

पुढं जालन्यात आयटीआयला शिकवायची जागा निघाली. मुलाखतीला स्वतःच्या हातचं काम आणा म्हणाले. जागा हुकली असती, तर जन्मभर 'आबा न्हाईत का' नशिबी होतं. बाकीच्यांनी चकचकीत कॉइली आणल्या. मी फळीवरचा डबा नेला.

मुलाखत घेणाऱ्यांतले मोठे साहेब हसले. "बाई, जळकं आणलंत?"

"हो. का जळालं ते सांगते. घरची वीज सेकंदाला पन्नास फेऱ्या, म्हणजे सायकल, मारते, विमानातली चारशे. फेऱ्या जलद, म्हणून थोड्या लोखंडात काम भागतं. उडायचं तर वजन नको ना! पण तोच डबा पन्नासवर लावला की एवढ्याशा लोखंडाला चुंबकत्व पेलत नाही. करंट बेफाम वाढतो अन् तार जळते."

"मग घरीही चारशेच का नको?"

"तारा लांब, साहेब. फेऱ्या वाढल्या की लांबच्या तारेत व्होल्ट वाटेतच जास्त घटतात. विमानातली तार काय जाफराबादहून जालन्याला जाते?"

आता सगळेच हसले, पण साहेबांनी डबा हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

जागा मिळाली! ऑर्डर आली त्या दिवशी मी दुकानातच होते. एक गिऱ्हाईक मोटार घेऊन आलं. माझ्याकडं बघून सवयीनं म्हणालं, "आबा न्हाईत का?"

आबा आतून ओरडले, "हाय की! पण मास्तरीणबाईला इचार. आबाला पन्नासच्या पुढचं समजत न्हाई."