आडवी बाटली

आमचे हे बोटीवर इंजिनीअर होते. त्यांनी पोर्तुगालहून आणलेली पोर्ट वाइनची बाटली कपाटात साड्यांखाली आडवी असते. दर दिवाळीच्या आवराआवरीत ते ती खिडकीशी धरायचे, रंग बघायचे आणि म्हणायचे, "अजून काळीच दिसते गं. मुरू दे." लोणचं मुरलं का, ते चाखून कळतं. हिचं बूच एकदा काढलं की दोन दिवसांत संपवायची, म्हणून आम्ही नुसती बघत राहिलो. वाट बघणाऱ्याचंही वय होतं, हे काही सुचलं नाही.

पक्षाघातानंतर आता त्यांना पातळ काही गिळताना ठसका लागतो; पाणीसुद्धा घट्ट करून चमच्याने भरवावं लागतं. यंदा बाटली मीच त्यांच्यासमोर उन्हात धरली. आतला रंग विटकरी झाला होता. बराच वेळ बघून ते अडखळत म्हणाले, "झाली गं तयार."

मी ती पुसली आणि पुन्हा आडवी ठेवली.