दहापैकी दहा

आज सुरतजवळच्या कडोदऱ्यात मी कापडाचे माग चालवतो त्या कारखान्याला सुट्टी. कपाट आवरताना मुलीचं जुनं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक हाती आलं. पानांच्या कोपऱ्यांना अजून मागाच्या तेलाचा वास आहे. तो माझ्या बोटांचा.

बँकेच्या परीक्षेसाठी ती तुलनेचे प्रश्न सोडवायची. ‘ॲज टॉल ॲज’, ‘सो टॉल ॲज’, ‘टॉलर दॅन’, मला सगळे सारखेच. मी फक्त मागच्या पानावरची उत्तरं बघायचो. मागांच्या खडखडाटाने मला कमी ऐकू यायचं, म्हणून ती कामगारांसारखी बोटं दाखवायची. दोन बोटं म्हणजे दुसरा पर्याय. मी ओरडून “बराबर” म्हटलं की हसायची. “बाबा, हाई घर शे, कारखाना नही.”

परीक्षेला चार दिवस उरले होते. एकदा तरी दहापैकी दहा आले तरच परीक्षेला बसेन, असं ती म्हणत होती. त्या दुपारी नऊ बरोबर आले. दहाव्याला तिने दोन बोटं उचलली. पानावर तीन होतं. कापडाच्या मापात कधी एक मीटर इकडेतिकडे न केलेला मी म्हणालो, “बराबर. दहा.”

दुसऱ्या दिवशी तिने ते पान स्वतः तपासलं. रागावली नाही. मी पुस्तक घ्यायला गेलो, तर एवढंच म्हणाली, “राहू द्या बाबा, मनं मी देखी लिसू.”

तेव्हा वाटलं, पोरगी शहाणी झाली, आपलं आपण बघून घेते. ती परीक्षेला बसली, पासही झाली. पुढे नोकरी, बडोदा, लग्न, सगळं तिने मला ठरल्यावरच सांगितलं.