आनंदरावांचा पडता चेंडू

देवपूजा झाली की मी रोज वहीत काहीतरी लिहिते. आज आमच्या धाकट्या भावोजींवर लिहिते आहे. देवाच्या नावामागून लगेच त्यांचं नाव लिहावं लागतंय, त्याची देवानेच मला क्षमा करावी.

आनंदराव हे आमच्या यजमानांचे पाठचे भाऊ. पुण्याला मॅट्रिकला बसायला म्हणून गेले आणि क्रिकेट बघून परत आले. तिथल्या कुठल्याशा मैदानावर एक साहेब हाताखालून चेंडू टाकत होता. चेंडू उंच गेला, बॅटवाल्याच्या नाकासमोर आला आणि गप्पकन खाली पडला. परीक्षेत कोणता प्रश्न आला होता हे भावोजींना सांगता येत नाही, पण तो चेंडू ते अजून रोज जेवताना पानावर पाडतात. पडता चेंडू हे नावही त्यांनीच ठेवलं.

भोरात येऊन काय केलं म्हणाल, तर ओसरीवर बसले. लग्न झालं, तरी ओसरीवरच बसले. यजमान संस्थानच्या कचेरीत कारकून. त्यांच्या पगारात दोन बिऱ्हाडं होणार कशी? म्हणून भावोजींची बायको चंद्रा माझ्याच चुलीपुढे बसून भाकऱ्या थापते. पोरगी कामाला वाघीण आहे, पण सांडशी उचलतानासुद्धा माझ्या तोंडाकडे बघते. तिला स्वतःची चूल हवी. दोन खोल्या असल्या तरी चालतील, पण चूल तिची. दर सोमवारी भोरेश्वराला जाऊन ती तेवढंच मागते. भावोजींना हे माहीत आहे. म्हणूनच सोमवारी दुपारी त्यांना गाढ झोप लागते.

तर यंदा दसऱ्याच्या सुमारास शाळेत खेळमास्तर नेमायचं घाटत होतं. यजमानांनी कुणाकुणाकडे शब्द टाकला. शाळाखात्यातले साहेब म्हणाले, मार्गशीर्षात भाटघरच्या धरणावरच्या वसाहतीतली मुलं सामन्याला येणार आहेत. तुमच्या भावाने आपली गोलंदाज मुलं तयार करावीत. मुलांनी काही करून दाखवलं तर जागा त्याची.

चंद्राने त्याच दिवशी माळ्यावरून आपल्या माहेरची तांब्याची घागर काढली आणि चिंच लावून घासली. 

शिकवणी सुरू झाली ती आमच्या अंगणात. चार मुलं, त्यात एक माझा ज्ञानू. अंगणात माझी सोवळ्याची वलणी आहे. उंच टांगलेला बांबू, त्यावर काठीने सोवळं वाळत टाकायचं, कुणी शिवायचं नाही. भावोजी पहिल्या दिवशी शाळेतला कातडी चेंडू घेऊन आले. मी उंबऱ्यातूनच सांगितलं, की हे चामडं माझ्या अंगणात यायचं नाही. मी स्वयंपाक सोवळ्यात करते, देवाचा नैवेद्य त्यातूनच होतो. मागच्या दाराने बाहेर पडलं की नीरेचं वाळवंट आहे, मोकळं, हवं तेवढं. तिकडे जा.

भावोजींनी मान डोलावली, बाहेर एकदा डोकावून आले आणि म्हणाले की ऊन फार आहे. खरं कारण मला ठाऊक होतं. वाळवंटातून चहाची हाक ऐकू येत नाही.

मग त्यांनी चंद्राच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेतल्या, आत चिंचोका घातला, वरून सूत गुंडाळलं आणि चेंडू केला. माझ्या सोवळ्याला बाध नाही आणि त्यांच्या सावलीलाही नाही. आधी भिंतीजवळ उभं राहून नुसतं मनगट. हात मांडीजवळून पुढे आला की बोटं चेंडूच्या मागून खालून वर ओढायची, दाराची कडी उचलतो तशी. मग एक पाऊल मागे, मग आणखी मागे. शेवटी वलणीवरून टाकायचा आणि पलीकडे राखेने काढलेल्या वर्तुळात पाडायचा. मुलं मन लावून करत. आमचा ज्ञानू झोपेतसुद्धा कडी उचलायला लागला. महिन्याभरात चेंडू वलणी ओलांडून असा पडायचा, की जणू वरून कुणी दोरी कापली. सोवळ्याला एकदाही धक्का लागला नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

भावोजी ओसरीवर पाय हलवत बसायचे आणि म्हणायचे, "वहिनी, भाटघरकरांच्या दांड्या गेल्या म्हणून समजा."

रोज सकाळी आमच्याकडे दुधाची चरवी घेऊन डोंगरावरचा रायबा येतो. त्याने एकदा तो चेंडू हातात घेऊन वजन पाहिलं. "मास्तर, ह्यो तर चिमनीच्या पिसावानी हाय. चामड्याचा असाच पडंल व्हय?"

भावोजी हसले. विद्या चेंडूत नसते, बोटांत असते, असं त्यांनी त्याला समजावलं. रायबा "आसंल बाबा" म्हणून चरवी उचलून गेला. मी पुन्हा एकदा वाळवंटाचं नाव काढलं. आठवडाभर तरी खरा चेंडू टाकून बघा म्हटलं. भावोजी म्हणाले, मुलांचा हात आता बसला आहे, उगाच बिघडवायचा कशाला?

सामन्याच्या दिवशी सगळा गाव लोटला. चंद्रा आणि मी बायकांच्या बाजूला उभ्या होतो. खेळपट्टीवर काथ्याची चटई अंथरली होती. भावोजी नवं धोतर नेसून साहेबांच्या खुर्चीशेजारी उभे. पहिला हात ज्ञानूचा. पोराने शिकवलेलं सगळं केलं, मनगट, कडी, सगळं. पण अंगणात हवेत अडकणाऱ्या चिंध्यांच्या हलक्या चेंडूला जेवढा जोर लागायचा तेवढाच जोर त्याने चामड्याला दिला. चेंडू जो वर गेला तो बॅटवाल्याच्या डोक्यावरून थेट यष्टिरक्षकाच्याही पलीकडे. दुसरा जोर कमी करून टाकला, तर अलगद बॅटवाल्या पोराच्या पुढ्यात येऊन उभा राहिला, ताटात वाढल्यासारखा. त्याने तो नदीकडे भिरकावला. मग दुसरा मुलगा, मग तिसरा. तीच गत. भाटघरची मुलं हसून हसून खाली बसली.

गर्दीतून रायबाचा आवाज आला. "मास्तर, पडता चेंडू कुटं पडतूय ते तरी सांगा, आमी झेलतू."

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. खेळ संपायच्या आतच ते उठून गेले. जागेबद्दल पुढे कुणी विचारलंही नाही.

घरी येताच भावोजींनी ओसरीवर बसून माझ्या सोवळ्याला दोष दिला. यजमानांसमोर, मुलांसमोर. वहिनींनी चामडं आत येऊ दिलं नाही, नाहीतर आज आपण कुठल्या कुठे असतो. त्यांनी माझ्या देवालाही त्यात ओढलं.

मी म्हटलं, "भावोजी, देवाने अंगणाच्या बाहेर अख्खी नदी ठेवली होती. तिथे फक्त चहा नव्हता."

यजमान खाली बघत राहिले. ज्ञानू कोपऱ्यात बसून आपली बोटं बघत होता. त्या पोराला मी जवळ घेतलं. त्याला शिकवलं होतं तसंच तर त्याने केलं होतं.

 चंद्राने घासलेली घागर परत माळ्यावर ठेवली आणि माझ्या चुलीपुढे येऊन बसली. भाकरीची काटवट ओढून घेताना नेहमीसारखं माझ्याकडे बघितलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी उठले, चूळ भरली, चहा प्यायले आणि कोनाड्यात हात घातला. चेंडू नव्हता. अंगणात मुलं जमली होती. बिचाऱ्यांना वाटत होतं, की अजून काही शिकायचं राहिलं असेल. भावोजींनी ओसरी धुंडाळली, माझ्याकडे संशयाने पाहिलं, शेवटी स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलं, "माझा चेंडू कुणी पाहिला का?"

चंद्रा जमीन सारवत होती. शेणाचा हात गोल फिरवत ती कडेपर्यंत गेली, पोतेरं बादलीत बुडवलं, पिळलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते तिच्याच जुन्या लुगड्याचं होतं. शेजारी सुताचा गुंता आणि एक चिंचोका पडला होता.

"ओलं आहे," ती मान वर न करता म्हणाली, "पाय देऊ नका."

भावोजी दारातच उभे राहिले. मग वळून ओसरीवर जाऊन बसले.