दोन ते चारचा पहारा

आमच्या बाबांना कुणी "झोप झाली का?" असं विचारलं की त्यांना राग येतो. जणू झोपणं म्हणजे चोरीच. नागपूरजवळच्या कोराडीच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं त्यांनी कंट्रोल रूममध्ये शिफ्टा केल्या, समोरच्या काट्यांवर आणि लाल दिव्यांवर नजर लावून. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, कॉलनी सोडून आम्ही शहरात मानकापूरला राहायला आलो, तरी या माणसाची ड्यूटी काही संपली नाही. गॅस बंद आहे का हे ते तीनदा बघतात, आणि तिसऱ्यांदा बघताना आपण आधी दोनदा बघून गेलोय हे त्यांना पक्कं आठवत असतं. नाव चंद्रभान. आई त्यांच्या पाठीमागे त्यांना "आमचं मीटर" म्हणायची.

दीड वर्षापूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. डॉक्टर रोग्यांबद्दल जे बोलून ठेवतात ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि टाईप करायचं, हे माझं काम. साहेबांच्या हातापाया पडून मी घरून काम करायची परवानगी मिळवली आणि नागपूरला आले. पण ती तात्पुरती होती. या मार्चमध्ये कंपनीचं पत्र आलं की कायम घरून काम करायचं असेल तर घरचं नेटवर्क तपासणीत पास झालं पाहिजे. रोग्यांची माहिती आमच्या घरांतून ये-जा करते, ती फुटली तर कंपनीची अब्रू जाते. तपासणी गुरुवारी अकरा वाजता. नापास झालं तर एक तारखेला पुण्यात हजर.

पुण्यात हजर म्हणजे आई इथे आणि मी तिथे. बाबा चौसष्ट वर्षांचे. रात्रभर जागून तिची कूस बदलायची, तिला उठवून न्यायचं-आणायचं, हे तेच करतात. मी गेले तर दिवसाचंही त्यांच्यावरच येणार. ते किती दिवस तग धरतील?

कंपनीच्या यादीत पहिलीच अट फायरवॉलची होती. घराच्या इंटरनेटच्या तोंडाशी बसवलेला राखणदार. कोण आत येणार आणि कोण नाही, हे तो ठरवतो. मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा बाबांच्या चेहऱ्यावर सहा वर्षांनी तेज आलं.

"हे माह्याकडं दे," ते म्हणाले. "तू तुह्यं टायपिंग पाह्य."

सीताबर्डीच्या बाजारातून त्यांनी डब्याच्या झाकणाएवढी एक पेटी आणली आणि चार दिवस तिच्यासमोर मांडी ठोकून बसले. त्यांची पद्धत एकच: आधी सगळं बंद, मग एकेक उघडायचं. पहिल्या दिवशी टीव्ही बंद, मोबाईल बंद, माझं काम बंद. मी कपाळावर हात मारला, आई मात्र खाटेवरून हसली. मग एका जुन्या रजिस्टरात नंबर घालून त्यांनी एकेक नियम लिहिला. नियम एक, दीप्तीचा, म्हणजे माझा, कंपनीचा कॉम्प्युटर, त्याची वाट वेगळी, घरातल्या दुसऱ्या कशालाही तो दिसणार नाही. असं करत रविवारपर्यंत नऊ नियम झाले. काम चोख होतं, हे मला कबूल करावंच लागलं.

पण त्या पेटीने त्यांना एक नवाच घोर लावला. बाहेरून कोण कोण दार लोटून गेलं, याची ती नोंद ठेवते. सकाळी चष्मा लावून बाबा ती यादी वाचायला बसले आणि हादरलेच.

"रातच्यातून चार हजार सहाशे लोकं येऊन गेले वं! आपल्याच घरात काहून घुसून राहिले हे?"

"लोकं नाहीत हो बाबा, प्रोग्राम आहेत. जगातल्या सगळ्या घरांची दारं ढकलत फिरतात. उघडं मिळालं तर शिरतात."

"म्हणजे त्याइले झोपबी नसते," बाबा म्हणाले, आणि त्या दिवसापासून दर तासाला यादी वाचायला लागले.

सोमवारी सकाळी मी स्वतः ती यादी तपासायला बसले. "अडवलं, अडवलं, अडवलं" अशा लाल ओळींचा नुसता पूर होता. त्यात मध्येच काही हिरव्या ओळी दिसल्या. "जाऊ दिलं. नियम सात." सात नंबर म्हणजे आईच्या खाटेवरचा कॅमेरा. दिवाळीत बाबा भाजी आणायला गेले असताना आई एकटीने उठायला गेली आणि पडली, तेव्हा आमच्या मागच्या गल्लीतल्या मोबाईल दुकानवाल्या धर्मेंद्रने तो बसवून दिला होता. बाजारात गेलं की बाबा मोबाईलवर तिला बघायचे. एवढं मला माहीत होतं.

पण या ओळी बाबा बाजारात असतानाच्या नव्हत्या. रोज दुपारी दोन ते चार. जुन्या राऊटरची नोंद काढली, त्यातही तेच. दोन ते चार, महिनाभर, एकही दिवस चुकला नव्हता. दोन ते चार बाबा झोपतात. चोवीस तासांतली तेवढीच त्यांची सलग झोप. त्या वेळात मी आतल्या खोलीत दार लावून, हेडफोन घालून बसलेली असते, कारण कंपनीचा तसा नियम आहे. म्हणजे आमच्या घरात कुणाचंच लक्ष नसतं तेवढेच दोन तास निवडून कुणीतरी माझ्या आईकडे बघत होतं. पत्ता कुठला ते शोधलं. रशिया नाही, चीन नाही. नागपूर. तो परदेशातला निघाला असता तर मला कमी भीती वाटली असती. इथल्याच कुणाला तरी ठाऊक होतं की माझे बाबा कधी झोपतात.

मी बाबांना बोलावून त्या ओळी दाखवल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"असंन काही. मशीनचं काम हाये."

"मशीन दोन वाजता येऊन चारला घरी जातं का, बाबा?"

"पाहतो मी," म्हणाले, आणि अंगणात झाडांना पाणी घालायला निघून गेले. चार हजार लाल ओळींनी घाबरणारा माणूस या हिरव्या ओळींना घाबरला नाही, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण राग आला की मला दिसत नाही, हा माझा जुना दोष आहे.

मी सरळ धर्मेंद्रला फोन लावला. कॅमेरा त्याने लावलेला, पासवर्ड त्याने टाकलेला. दुसरं कोण असणार? तोंडाला येईल ते बोलले. एका आजारी बाईकडे चोरून बघताना लाज वाटत नाही का, असंसुद्धा बोलले.

"ताई, मी काहून पाहू जी?" तो रडकुंडीला आला. "माह्या घरीबी माय हाये. मी त तुमचा पासवर्ड त्याच दिवशी बाबाच्या हातानं बदलवला होता."

"ते सायबर पोलिसांना सांग. उद्याच जाते मी."

"ताई, असं नका करू जी. गल्लीत मले कोन घरात घेईन मंग?"

मागे वळून पाहिलं तर बाबा दारात उभे होते. पाण्याचा पाईप हातातच होता आणि पाणी त्यांच्या पायांवर पडत होतं.

"फोन ठेव," ते म्हणाले. "त्याचा काई कसूर नाई."

आईला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी मला फाटकापाशी नेलं. तिथेही बराच वेळ फाटकाची कडी लावत-काढत राहिले.

"गोपाळराव हाये तो."

गोपाळराव म्हणजे बाबांचे वीस वर्षांचे शिफ्टमधले जोडीदार. बायको वारली, मुलाकडे कोराडीला असतात. सणासुदीला येतात, जयभीम घालतात, चहा घेऊन जातात. मला काही कळेना.

"पण का, बाबा?"

"रिलीव्हर आल्याबिगर खुर्ची सोडाची नाई, हे चौतीस वर्षं केलं मी. घरी कोनाचं लग्न असो, मयत असो, दुसरा मानूस येऊन बसला का मंगच उठाचं. आता दुपारी मले झोप आवरे नाई वं. तू आत, कानाले लावून. मी झोपलो अन् ते पडली त? म्हून गोपाळरावले म्हटलं, दोन ते चार तू पाह्य."

दोन वाजता गोपाळरावांचा मिस्ड कॉल येई, म्हणजे त्यांनी चार्ज घेतला. मग बाबा झोपत. चारला उठून बाबा मिस्ड कॉल देत, म्हणजे चार्ज परत. आईचं अंग पुसायच्या, कपडे बदलायच्या वेळी बाबा कॅमेऱ्यावर न चुकता टॉवेल टाकत. फेब्रुवारीत एका दुपारी आई खाटेच्या काठावरून घसरत होती आणि बाबांनी गाढ झोपेतून धावत येऊन तिला धरलं होतं. केवढं कौतुक केलं होतं मी त्यांच्या सावध झोपेचं! तेव्हा त्यांना उठवणारा फोन कोराडीहून आला होता.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. या माणसाला दोन तास झोपायला कोराडीहून माणूस लागत होता, आणि मी भिंतीपलीकडे बसून पुण्याच्या डॉक्टरांचा खोकला टाईप करत होते.

"आईला माहीत आहे?"

त्यांनी नाही अशी मान हलवली. "तिनं हो म्हटलं नसतं."

"म्हणून विचारलं नाही?"

त्यांनी फाटकाची कडी पुन्हा लावली.

कंपनीच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: गेल्या तीस दिवसांत घराबाहेरच्या व्यक्तीने तुमच्या नेटवर्कमध्ये प्रवेश केला आहे का? खरं लिहावं तर पुणं. मी म्हटलं, बाबा, आपण त्या ओळी पुसून टाकू आणि "नाही" लिहू. सकाळपासून माझ्याशी धडधडीत खोटं बोललेला हा माणूस माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी त्यांना दरोडा घालायला सांगतेय.

"लॉगबुकात खाडाखोड करत नाई," ते म्हणाले.

मी धर्मेंद्रच्या दुकानात जाऊन त्याची माफी मागितली. तो "असू द्या ताई" म्हणाला, पण माझ्याकडे बघितलं नाही. आणि बाबांनी आईजवळ स्टूल ओढून तिला सगळं सांगितलं. मी दाराशी उभी होते. आईने डाव्या हाताने चादर ओढली, गळ्यापर्यंत, मग तोंडावर. दोन दिवस ती बाबांशी बोलली नाही. त्यांच्या हातून जेवली नाही. मी भरवलं तेवढंच खाल्लं. बाबांनी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकून ठेवला होता, तरी ती भिंतीकडे तोंड करून राही. दुपारी बाबा झोपले नाहीत. बुधवारी भाजी चिरताना त्यांची मान पुढे गेली आणि बोट कापलं.

ते रक्त बघून आई बोलली. एकेक शब्द ओढून काढत.

"मले... विचारलं का... कोनी?"

बाबा बोट धरून उभे राहिले.

"गोपाळराव भाऊजी... महिनाभर मले पाहून राहिले. मले... मालूमच नाई."

"चुकलो," बाबा म्हणाले. माझ्या आयुष्यात मी त्यांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

"काढा... तो."

ते स्टुलावर चढले आणि कापलेल्या बोटाने कॅमेऱ्याचे स्क्रू काढले. मग पेटीसमोर बसून नियम सात बंद केला आणि रजिस्टरात तारीख घालून तसं लिहिलं.

गुरुवारी अकरा वाजता पुण्याहून अरुंधती मॅडम व्हिडिओवर आल्या. शांत बाई होत्या, त्यामुळे जास्तच धडकी भरली. सगळं तपासून झाल्यावर त्यांनी माझा फॉर्म उघडला.

"इथे तुम्ही 'हो' लिहिलंय. कोण होतं?"

"वडिलांचे मित्र. आईवर लक्ष ठेवायला. फक्त कॅमेरा, माझ्या कामाच्या कॉम्प्युटरपर्यंत वाट नव्हती. काल काढला."

त्या आवाज बंद करून बाजूला कुणाशी तरी बोलल्या. त्यांचे ओठ हलताना दिसत होते आणि मी त्या ओठांवरून पुण्याचं तिकीट वाचत होते. मग म्हणाल्या, उद्यापर्यंत कळवू. त्या रात्री आमच्याकडे कुणाला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी दुपारी पावणेदोनला मेल आला. तीन महिन्यांसाठी मंजूर, मग पुन्हा तपासणी. घरात बाहेरून दिसणारा कॅमेरा नको. मी वाचत वाचतच बाहेर धावले. आईने माझा हात धरला आणि सोडेना. बाबांनी "बरं झालं" म्हटलं, डोळे पुसले आणि खुर्ची खाटेजवळ ओढून ताठ बसले. पाचव्या मिनिटाला त्यांची मान कलंडली. ते दचकून सावरले. पुन्हा कलंडली.

"बाबा, झोपा ना. मी बसते."

"तुह्यी ड्यूटी हाये दोन वाजता. मले नाई येत झोप."

आई त्यांच्याकडे बघत होती. बुधवारनंतर पहिल्यांदाच तिने त्यांच्याकडे मान फिरवली होती.

"झोपा तुमी," ती म्हणाली. "मी हावो न... जागी. मी पाहून राहिली... तुमच्याकडं."

बाबा खुर्चीवरून उठले. खाटेच्या कडेला सतरंजी टाकून, तिला दिसतील असे आडवे झाले. मी आत जाऊन दार लावलं. त्या दुपारी मी काय टाईप केलं ते मला सांगता येणार नाही. पावणेचारला हेडफोन काढून दार किलकिलं केलं. बाबा तोंड उघडं टाकून घोरत होते. आई एकाच कुशीवर होती, मान अवघडली असणार, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तिने नजर काढली नव्हती.