मातेची बोळवण

आमच्या घरातून फोडणीचा वास यायचा बंद झाला, तेव्हाच गल्लीनं ओळखलं. कोणी तोंडानं विचारलं नाही. विचारायचं नसतंच. ज्या घरात माता येते त्या घरात फोडणी देत नाहीत, तळत नाहीत, केस विंचरत नाहीत, चपला घालून कोणी उंबरा ओलांडत नाही, आणि घरातलं माणूस आजारी आहे असं तर कोणी म्हणतच नाही. माझ्या सोळा वर्षांच्या दादाला देवी आल्या होत्या. तोंडापासून पायांपर्यंत फोड, डोळे चिकटून गेलेले, पाणी पाजायचं तर कापसाच्या बोळ्यानं. आणि आई शेजारणीला दारातूनच सांगत होती, "पाहुणी आली वं आमच्या इथं."

पाहुणी! मेली कसली पाहुणी. इतकी वर्षं झाली, पण हा शब्द असा कोणी वापरला की माझं डोकं फिरतं.

साठचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. नागपूरच्या दक्षिणेच्या टोकाला आमची वस्ती. आज जिथे मनीषनगरच्या इमारती उभ्या आहेत, त्या बाजूला तेव्हा नुसती वावरं होती. बाबा मिलमध्ये होते. घरात माता आल्यावर ते मिलजवळ एका सोबत्याकडे राहायला गेले आणि घरात आई, दादा आणि अकरा वर्षांची मी, एवढेच उरलो. आमच्या दारासमोर दार होतं माझ्या मावशीचं, आईच्या धाकट्या बहिणीचं. एकीनं चुलीपाशी बसून हाक मारली की दुसरी आपल्या चुलीपाशी बसून ओ द्यायची.

मावशीला लग्नानंतर किती तरी वर्षं मूल नव्हतं. नवस झाले, दवाखाने झाले, सासूचे टोमणे झाले, आणि सगळ्यांनी नाद सोडल्यावर एक मुलगी झाली. तेव्हा ती तीन वर्षांची असेल. पायांत चांदीचे चाळ, गल्लीभर हिंडायची, कोणाच्याही ताटात हात घालायची. दादा तर तिला खांद्यावरून खाली उतरू देत नसे. आईनं दारावर निंबाची डहाळी खोवली आणि त्याच दुपारी मावशी पोरीला घेऊन कुहीकडच्या खेड्यात तिच्या आजीकडे सोडायला निघाली. गल्लीच्या टोकावरून ओरडली, "ताई, तुही पाहुणी गेली का सांगजो वं! मंग आणतो मी पोरीले."

ती शहाण्यासारखीच वागली. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण नंतर लोकांनी तिलाच बोल लावला. लोकांचं काय जातं!

मग एक दिवस सायकलवरून देवी टोचणारा आला. लस टोचणाऱ्या सरकारी माणसाला आम्ही तेच म्हणायचो. घामाघूम, कायम घाईत, एक वाक्यही ओरडल्याशिवाय बोलत नसे. गल्लीला वाटलं, हा आता डहाळी उपटून फेकणार आणि माता कोपणार. पण डहाळी पाहून गडी खुशच झाला. "वा बाई! हेच तं पाहिजे मले. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. तुमची डहाळीही राहू द्या, माहा पहारेकरीही राहू द्या." आणि त्यानं आमच्या दाराशी काठी घेतलेला एक म्हातारा बसवला.

मग गल्लीतल्या सगळ्यांना टोचलं. मागच्या घरच्या काकू आपली पोरं घेऊन रांगेत सगळ्यात पुढे. त्यांच्या घरानं छप्पन साली धम्म घेतला तेव्हाच देव घराबाहेर काढले होते, त्यामुळे त्या सरळ 'रोग' म्हणायच्या आणि आईला ते झोंबायचं. मला टोचलं तो वण दंडावर अजून आहे. दादाला लहानपणी टोचायचं राहूनच गेलं होतं. का, ते आता कोणालाच आठवत नव्हतं.

"कोणी बाहेरगावी आहे का?" टोचणाऱ्यानं विचारलं.

"माही लहानी आहे, आजीकडे," मावशी म्हणाली.

"मंग तिकडेच राहू द्या. इकडं आणली का आधी मले दाखवा." आणि सायकलवर टांग मारताना आईला बजावलं, "शेवटची खपली गळल्याबिगर दार उघडाचं नाही, बाई. मी येईन, मी पाहीन, मंग."

"माता गेल्याबिगर मी कशाले उघडतो बापा," आई म्हणाली.

दोघं दोन वेगळ्या गोष्टी बोलले आणि दोघांनाही वाटलं की आपलं एकमत झालं.

त्या बंद घरातले दिवस मला नको होतात. बिनफोडणीचं वरण, निंबाच्या पाल्याचा कडवट वास, आणि त्याखालचा दादाच्या अंगाचा वास, जो पाल्यानं झाकला जात नव्हता. आई तासन्‌तास पाल्यानं वारा घालायची. माझ्या डोळ्यांत पाणी आलं की डोळे वटारायची. "पूस. रडणारं घर तिले आवडत नाही. डहाळी आहे तोवर या घरात कोणी रडाचं नाही." मी पदरात तोंड खुपसायला गेले तर पदरही ओढून घ्यायची. मला तेव्हा तिचा इतका राग यायचा! आता कळतं, ती स्वतःही त्या नियमाला धरूनच उभी होती. तो सुटला असता तर तीही कोसळली असती.

दादा वाचला. खपल्या धरल्या, गळायला लागल्या. आणि दादा वाचणार म्हटल्यावर गल्लीचा धीर सुटला. सरकारी नळ नेमका आमच्या भिंतीला लागून, म्हणून पहारेकरी बायांना दूरच्या विहिरीवर पिटाळायचा. चार घरं सोडून एका मुलीचं लग्न ठरलेलं, पण मातेच्या गल्लीत वरात आणायला नवऱ्याकडचे तयार नव्हते. सुरुवातीला ज्या बाया उंबऱ्याबाहेर दह्याचं गाडगं ठेवून हात जोडून जायच्या, त्याच आता लांबून विचारायला लागल्या, "काहून वं, अजून नाही गेली का तुही पाहुणी? किती दिस ठेवून घेतं?" जसं काही आईनंच तिला हात धरून बसवून ठेवलं होतं.

एका सकाळी पहारेकरी आलाच नाही. कोणी सांगितलं, दुसऱ्या वस्तीत देवी जास्त उठल्या, त्याला तिकडे बसवलं. बस्, एवढं पुरे झालं. पहारा उठला म्हणजे सरकारनंच मोकळं केलं, असं गल्लीनं ठरवून टाकलं. मग अंगात देवी येणाऱ्या बुढीला बोलावलं. तिनं दारातूनच दादाला नीट पाहिलं. तोंड साफ, छाती साफ, हात साफ. "गेली," बुढी म्हणाली. "थंडावली माय. बोळवा तिले."

मागच्या काकू तेवढ्या बोलल्या. "ताई, त्या टोचणाऱ्याले एकदा पाहू द्या ना. तो म्हणे, मी पाहीन मंगच."

"तुमचं काय जाते बोलाले?" आई ताडकन म्हणाली. "तुमच्या घरी देवच नाही, तं कोपणार कोण?"

काकू आपल्या घरी निघून गेल्या. आणि बोळवणीच्या आदल्या दिवशी दादा म्हणाला, "आई, तळपायाले खडे रुतल्यावानी लागते." आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "इतके दिस निजून होता, पाय कोवळे झाले तुहे." यात न पटण्यासारखं काय होतं? मलाही पटलं, दादालाही पटलं.

मातेची बोळवण करायची रीत आमच्याकडे अशी, की उठलेल्या माणसाला निंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं, आदल्या दिवशीचा थंड भात आणि दही करायचं, आणि एका लहान मुलीला माता म्हणून पाटावर बसवायचं. जो दुखण्यातून उठला त्यानं तिचे पाय धुवायचे, पहिला घास आपल्या हातानं भरवायचा. ती मुलगी जेवून उठली की डहाळी काढायची. घरचीच पोर असताना दुसऱ्याची कशाला बसवायची? मावशीला तर पोरीवाचून घर खायला उठलं होतं. निरोपाची वाटही न पाहता ती कुहीला गेली आणि पोरीला कडेवर घेऊन आली.

तो दिवस किती चांगला होता, हे सांगायलाही मला आता जड जातं. दादानं खाली बसून तिचे पाय धुतले, चाळ वाजले, ती खिदळली. त्यानं घास दिला, तर तिनं भाताची मूठ भरून त्याच्याच तोंडात कोंबली. आई खोटं खोटं रागावली, "अवं, तू माता ना? माता कुठं भरवते का भक्ताले!" जेवून ती नेहमीसारखी दादाच्या गोधडीवर आडवी झाली आणि तिथेच झोपली. गोधडीला फक्त ऊन दाखवलेलं होतं. "निजू द्या माह्या मातेले," मावशी हसून म्हणाली. डहाळी निघाली. संध्याकाळी आईनं वरणाला लसणाची फोडणी दिली, आणि तो चर्र आवाज ऐकून समोरून मावशी ओरडली, "आला वं वास, आला!" बाबा घरी आले होते. मी पोट फुटेस्तोवर जेवले.

मग बरेच दिवस सगळं ठीक होतं. आणि मग पोरीला ताप भरला.

हातातून गेलं, पायाच्या पाण्यातून गेलं, की गोधडीतून, कोण जाणे. मी आयुष्यभर हे तीन शब्द मनात घोळवले आहेत आणि काही हाती लागलेलं नाही. मावशीच्या घरातून फोडणीचा वास यायचा बंद झाला आणि तिच्या दारावर डहाळी आली, एवढं मला माहीत आहे. आई धावत गेली तर मावशीनं उंबऱ्यातच अडवलं. "तुही गेली ना, ताई? मंग तू आपल्या घरी राह्य."

पहारेकरी परत आला. टोचणाराही आला. या वेळी तो ओरडला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. त्यानं दादाला ओट्यावर बसवलं आणि त्याचे पाय उलटे केले. तळव्याच्या जाड कातडीखाली मसुरीच्या दाण्यांएवढे काळपट ठिपके होते. देवीच्या खपल्याच त्या. बऱ्याच गळून गेल्या होत्या, थोड्या होत्या अजून.

"हे कोणीच पाह्यलं नाही?" तो म्हणाला.

सगळी गल्ली उभी होती. समोर आपल्या दारात मावशीही उभी होती. आई फक्त म्हणाली, "तुम्ही येणार होते ना?"

"माह्याकडे एकच वस्ती आहे का, बाई?" तो म्हणाला.

पोर गेली. मातेनं नेलेल्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, आणि बाबा तिला कापडात गुंडाळून घेऊन गेले. आणि समोरच्या घरातून एक हुंदका आला नाही. मी आमच्या दाराला कान लावून बसले होते. काही नाही. मावशी रडली नाही, कारण दारावर डहाळी होती आणि डहाळी असताना रडायचं नसतं. आधी बोळवण व्हायला हवी होती. आणि बोळवायला एक लहान मुलगी हवी होती.

कोण देणार? काका घरोघर जाऊन आले. कोणाची पोरगी मामाकडे गेलेली, कोणाच्या पोटात दुखत असलेलं. मी त्यांना नावं ठेवत नाही. खरं तर ठेवते. नळ त्यांना ताबडतोब मोकळा हवा होता, आणि आता त्याच आयांनी आपल्या पोरी घरात कोंडून घेतल्या होत्या. कधी तरी पहारा उठला. या वेळी टोचणाऱ्यानं घरोघर फिरून, पाय उलटून पाहून उठवला. गल्ली उघडली. अडलेलं लग्न लागलं, वरात बँड वाजवत मावशीच्या दारावरून गेली. तिच्या दारावरची डहाळी वाळून पानं झडली होती, तरी ती तिथेच होती. मावशी आत. जेवण उंबऱ्यावर ठेवायचं, ताट उंबऱ्यावरून उचलायचं.

एका सकाळी आईनं मला न्हाऊ घातलं, नवा परकर नेसवला आणि हाताला धरून समोर नेलं. मातेचा पाट लहान पोरींसाठी असतो, मी त्यासाठी घोडी झाले होते. पण दुसरी कोण होती?

"उघड वं," आई दाराला तोंड लावून म्हणाली. "हे आणली मी माही पोरगी. हिचे पाय धू, हिले जेवू घाल, बोळव एकदाची. अन् मंग रड माय. लय रड."

आईनं दोनदा कडी वाजवली. मग मावशीचा आवाज आला, अगदी दाराच्या मागून.

"हिच्या पायाखाली पाह्यलं का, ताई?"

आई तिथेच खाली बसली. तिनं माझा एक पाय उचलला, पदरानं तळवा पुसला आणि बंद दाराकडे धरला. "पाह्य, साफ आहे." मग दुसरा उचलला. "हा पण पाह्य. साफ आहे वं. पाह्य तं एकदा." नळावरच्या बाया घागरी खाली ठेवून बघत होत्या. मी एका पायावर उभी होते, आईच्या डोक्याचा आधार घेऊन, आणि ती माझे पाय आळीपाळीनं दाराला दाखवत राहिली. दार काही उघडलं नाही.