झीज यात बसत नाही

"झिजलंय. झीज यात बसत नाही."

एवढं बोलून तो बॉनेट खाली घ्यायचा. आपटायचा नाही. दोन्ही तळहात टेकवून, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तसं हळूच दाबायचा. तेवढ्यात गाडीच्या मालकाचं तोंड वाकडं झालेलं असायचं. मग शिव्या. तो ऐकून घ्यायचा, पेनाचं टोपण लावायचा आणि बस पकडायला निघायचा.

वॉरंटी कंपनीचा सर्व्हेअर. तुम्हीही असली माणसं पाहिली असतील, कागदावर 'नाही' लिहायलाच ज्यांना पाठवतात. नाव सांगत नाही. त्याचं नाव घ्यायचं तोंड मला राहिलेलं नाही.

मी सातवी शिकलेला माणूस. जन्म फिटर म्हणून कंपनीत गेला. रिटायर झाल्यावर महिनाभर घरी बसलो तर बायको म्हणाली, "अवो, चांगला चालता पंखा तिसऱ्यांदा खोललात. कामाला जावा कुठंतरी." म्हणून भोसरीत परदेशी गाड्यांच्या एका गॅरेजात लागलो. आमची खोली मागच्याच गल्लीत. शेठ वयानं माझ्या पोरासारखा, पण माणूस बरा.

त्या वाढीव वॉरंटीबद्दल मला अजून लोक विचारतात. एकदाच लिहितो. दहा-पंधरा वर्षांची जुनी, परदेशी, जमिनीला पोट घासत चालणारी स्पोर्ट कार असेल तर तो कागद घेऊ नका. पहिल्या पानावर इंजिन, गिअरबॉक्स, सगळं देऊन टाकतात. आतल्या पानांवर एकेक काढून घेतात. रबर नाही, सील नाही, क्लच नाही, गळती नाही. सर्व्हिस महिनाभर उशिरा केली असेल तर काहीच नाही. आणि झीज नाही. अरे, जुन्या गाडीला झिजण्याशिवाय दुसरं होतं काय? म्हाताऱ्या माणसाला सांगायचं, तुला काही झालं तर आम्ही आहोत, फक्त म्हातारपणाचं काही होऊ देऊ नकोस. शिसारी येते मला.

त्यामुळे हा माणूस पहिल्यांदा आला तेव्हा मला त्याचीही शिसारीच आली. इस्त्रीचा शर्ट, गुडघ्याखाली घालायला घरून आणलेलं गोणपाट, आणि थर्मास. गॅरेजात तो पाणीसुद्धा घेत नसे. शेठनं चहा पुढं केला तर म्हणाला, "नको. तुमचा चहा घेतला की माझ्या रिपोर्टात साखर उतरते."

बायको तेव्हा माझा डबा घेऊन आलेली. तिनं ऐकलं. दुसऱ्या खेपेला तो आला तशी घरून पेला घेऊन आली आणि त्याच्यापुढं धरला. "घ्या भाऊ. साखर घातलीच न्हाई. आता काय उतरतंय?"

तो हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं. कडू चहा शेवटपर्यंत प्याला, पेला स्वतः नळावर विसळला आणि तिच्या हातात दिला. "वहिनी, यात काही खोट काढता येत नाही." तेव्हापासून आमच्या घरात त्याला बिनसाखरेचा भाऊ असं नाव पडलं.

हळूहळू मला कळायला लागलं की हा दुसऱ्यांसारखा नाही. दुसरे दारातून फोटो काढून जायचे. हा गोणपाट टाकून गाडीखाली झोपायचा आणि मला म्हणायचा, "मिस्त्री, बॅटरी इकडं धरा. मला खोटं लिहायचं नाही." झिजलेलं असेल तर झिजलंच लिहायचा, पण आधी बघायचा. एकदा एका गिऱ्हाइकानं त्यालाच विचारलं, "साहेब, जुन्या गाडीला घ्यावी का हो वॉरंटी?"

"दोन-तीन वर्षांची असती, सगळी सर्व्हिस कंपनीत झालेली असती, तर घ्या म्हटलं असतं."

"आणि जुनीला?"

"जुनी घ्यायच्या आधी ह्या मिस्त्रींना तिच्याखाली झोपवा. ते कागदापेक्षा बरे."

ज्या कंपनीची भाकरी खात होता तिच्याबद्दल हे बोलला. मला वाटलं, वेडा आहे.

मग ती पिवळी गाडी आली. मालक चाकणकडचा. बापाच्या जमिनी कारखान्यांत गेल्या आणि पोरगा गुंठामंत्री झाला. इटलीची गाडी, चौदा वर्षांची, आमच्या रस्त्यावरचा प्रत्येक स्पीडब्रेकर पोटावर घेतलेली. गिअरबॉक्समधून करकर आवाज. पोरगा बिनधास्त. "वॉरंटी हाय ना राव! टेन्शन कशाला?"

गिअरबॉक्स मी उघडला, सर्व्हेअर शेजारी बसलेला. कव्हरला आतून तडा गेला होता. मी तुकडा उजेडात धरला. तड्याच्या मुळाशी टाचणीच्या डोक्याएवढी पोकळी. ओतकाम करतानाच राहिलेली. आयुष्यभर मी असल्या पोकळ्या पाहिल्यात. ही झीज नव्हे. धातू जन्मला तेव्हापासून तिथं कच्चा होता.

त्यालाही दिसलं. बाजूला जाऊन त्यानं कंपनीला फोन लावला. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण हा दोनदा म्हणाला, "नाही सर, झिजलेलं नाही. तुटलंय." मग आला, गोणपाटावर बसून रिपोर्ट लिहिला आणि माझ्याकडं सरकवला. "मिस्त्री, उघडलं तुम्ही. साक्षीला खाली सही करा. माझ्या एकट्याचं ते ऐकणार नाहीत."

मी शेठकडं पाहिलं. शेठनं नकारार्थी मान हलवली. त्या वॉरंटी कंपनीच्या सगळ्या गाड्या आमच्याकडं यायच्या. शिवाय बायकोचं डायलिसिस सुरू झालं होतं. आठवड्यातून तीनदा मला अर्धी सुट्टी लागायची आणि शेठ ती एका शब्दानं न कुरकुरता देत होता.

मी म्हणालो, "साहेब, मला सही येत न्हाई."

मी रोज हजेरीवर सही करायचो. ती वही त्याच्यासमोरच्या फळीवर पडलेली होती. त्यानं वहीकडं पाहिलंसुद्धा नाही. "बरं," म्हणाला. एकट्याची सही केली आणि गेला.

घरी गेलो तर बायको वाट बघत बसलेली. पोकळीचं तिला दुपारी जेवतानाच सांगितलं होतं. "त्या भावानं खरं लिवलं का? आणि तुमी?"

"मीपण दिली सही," मी म्हणालो. "खरं तेच लिहून दिलं."

आठ दिवसांनी कंपनीनं दुसरा माणूस पाठवला. त्यानं गॉगलही काढला नाही. लिहिलं, झीज. कागद माझ्यापुढं आला. शेठ म्हणाला, "दादा, करून टाका." आणि मी केली. नाव, आडनाव, खाली रेघ. ओकारी यावी असं ते अक्षर होतं. सुरेख आलं होतं.

तो कागद दाखवूनच त्याला कामावरून काढलं, हे शेठकडूनच कळलं. साक्षीदार फिटरच झीज म्हणतो, मग तू कुणासाठी लिहीत होतास, असं विचारलं म्हणे.

बायकोला संत तुकाराम नगरला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा तो भेटायला आला. हातात दोन मोसंबी. मला वाटलं जमीन फाटावी. तो तिच्या उशाशी बसला.

"भाऊ, त्या पिवळ्या गाडीचं झालं का वो?" तिनं विचारलं.

"झालं वहिनी."

"ह्यांनी बी सही दिली, म्हणत होते. दिली ना?"

मी सलाइनच्या बाटलीकडं बघत राहिलो. त्यानं माझ्याकडं पाहिलं. गाडीखाली झोपून एखादा भाग बघायचा तसं शांत, पूर्ण पाहिलं.

"दिली," तो म्हणाला. "खरं लिहून दिलं त्यांनी. चांगलं काम केलं."

ती उशीवर मान वळवून माझ्याकडं बघून हसली. "मी म्हणत न्हवते? तोंडाचा फटकळ हाय, पर मानूस खोटा न्हाई."

खाली स्टॉपपर्यंत मी त्याच्यासोबत गेलो. म्हटलं, "साहेब..." तो म्हणाला, "वहिनी थकल्यात. तुम्ही वर जा." सांगवीची बस आली, तो चढला.

त्यानंतर बाराव्या दिवशी ती गेली. मला खरा समजून गेली. त्या वॉरंटीच्या कागदाची येत नाही एवढी शिसारी मला ह्या गोष्टीची येते, आणि कुणासमोर थुंकायचीही सोय नाही.

तेरावं झाल्यावर मी एक कागद घेऊन बसलो. पोकळी कुठं होती, केवढी होती, मी काय पाहिलं आणि काय केलं, सगळं लिहिलं. खाली सही केली. सांगवीत विचारत विचारत त्याचं घर शोधलं. दाराला कुलूप. घरमालकीण म्हणाली, मागच्याच आठवड्यात खोली सोडली, कुठं गेले ते सांगितलं नाही.

"काही द्यायचं होतं का?"

मी कागद दिला. तिनं न वाचताच चार घड्या केल्या आणि जिन्याखाली मीटरच्या पेटीमागं खोचला. तिथं आधीच कुणाकुणाची लाइटबिलं होती.