दोन टायरला मिशा नव्हत्या

पुण्याच्या शोरूममध्ये हीच गाडी मला पंधरा दिवस आधी मिळत होती. रंगही हवा तोच होता. तरी मी बारामतीत बुक केली, कारण बारामतीचं शोरूम ज्या माणसाचं होतं त्याच्यासमोर मला एकदा वडिलांना घेऊन उभं राहायचं होतं.

मी पाटबंधारे खात्यात अभियंता आहे. कालव्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्यांवरून रोजची फिरती असते, त्यामुळे उंच गाडी लागणारच होती. घरात कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. आई म्हणाली, पांढरी घे, धूळ कमी दिसती. वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, एवढंच म्हणाले, "टायर बघून घे." शोरूम कुणाचं आहे ते मी त्यांना सांगितलं नाही.

आबा अकरा वर्षं त्या माणसाचे ड्रायव्हर होते. तेव्हा त्याचं शोरूम नव्हतं. ऊसवाहतुकीचे ट्रक होते आणि स्वतःला फिरायला एक जीप. सगळे त्याला मालक म्हणायचे, ज्यांचा तो मालक नव्हता तेही. मी आठवीत होते तेव्हाची गोष्ट. मे महिन्यात भर दुपारी बारामतीहून इंदापूरला जाताना आमच्या अंथुर्ण्याच्या अलीकडं जीपचं पुढचं डावं टायर फुटलं आणि जीप रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत गेली. मालकाचं खांद्याजवळचं हाड मोडलं. आबांच्या कपाळाला आठ टाके पडले. दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मालक सांगत होता, "डायवर पिलेला होता."

आबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. तंबाखूसुद्धा खात नाहीत, त्यावरून इतर ड्रायव्हर त्यांची चेष्टा करायचे. टायर सहा वर्षांचं झालं होतं, एवढंच खरं होतं. वरची नक्षी बरी दिसायची, पण रबर वाळून त्याला बारीक भेगा गेल्या होत्या. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर कधी बनलं ते त्यावरून कळतं. आबांनी मालकाला जीपजवळ नेऊन ते आकडे दाखवले होते. एकदा नव्हे, तीनदा. मालक म्हणाला होता, "नंबर बघून गाडी चालवतूस व्हय? रस्ता बघ."

आता हे सगळं खरं सांगायचं तर टायर आपण बदललं नाही हेही सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा ड्रायव्हर प्यायलेला असणं सोपं होतं.

आबा टाके निघाल्यावर एकदा मालकाच्या घरी गेले. मी त्यांच्याबरोबर होते. फाटकापाशी आम्ही बराच वेळ उभे होतो. आतून पोर्चमधल्या खुर्चीत बसलेला मालक आम्हाला दिसत होता, आणि आम्ही त्याला. त्यानं आत बोलावलं नाही की हाकललंही नाही. पेपर वाचत राहिला. आबा म्हणाले, "चल, ऊन झालंय."

त्यानंतर बारामतीपासून इंदापूरपर्यंत कुणी आबांच्या हातात गाडी दिली नाही. शाळेत माझ्या मागून मुलं झुलत चालायची आणि मुली हसायच्या. आबा हंगामात सोमेश्वरनगरला जाऊ लागले. तिथं साखर कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्यांची रांग लावायचं काम होतं. अकरा वर्षं गाडी चालवलेला माणूस शिट्टी तोंडात धरून दुसऱ्यांच्या गाड्या पुढं-मागं घ्यायला लावत होता. त्यांच्या लायसन्सची मुदत संपली, ते त्यांनी पुन्हा काढलं नाही.

घरात या विषयावर कुणी बोलायचं नाही. मी मात्र तो मनातून कधी खाली ठेवला नाही. सुट्टीत सोमेश्वरनगरला गेले की उभ्या ट्रॉल्यांची टायरं मी आबांबरोबर वाचत फिरायचे. त्यांना वाटायचं पोरीला आवड आहे. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर मी आरशासमोर उभी राहून मालकाला काय काय बोलायचं ते पाठ करायचे. दरवर्षी त्यातली वाक्यं बदलायची. पहिल्या वर्षी शिव्या होत्या, शेवटच्या वर्षी फक्त तीन वाक्यं उरली.

त्यानं शोरूम काढलं. कारभार मुलगा बघतो, पण नव्या गाडीची चावी गिऱ्हाइकाच्या हातात म्हातारा स्वतः देतो, हार घालतो, फोटो काढतो, हे मला माहीत होतं. त्यासाठीच तर मी बुकिंग केलं होतं.

डिलिव्हरीच्या दिवशी सकाळी मी, आई आणि आबा अंथुर्ण्याहून एस.टी.नं निघालो. आबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. शोरूमच्या दारात पोचलो तेव्हा काचेवरचं आडनाव त्यांनी वाचलं आणि तिथंच थांबले.

"हे त्यांचं हाय?"

"हो."

"तुला ठावं हुतं?"

"हो, आबा."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या नजरेत राग होता, आणि तो माझ्यावर होता. आई म्हणाली, "आता आलोच हाय तर चला." आबा आत आले, पण माझ्यापासून लांब जाऊन उभे राहिले.

आमची गाडी मधोमध उभी होती, वरून लाल कापड टाकलेलं. आणखी दोन कुटुंबं आपापल्या गाड्यांसाठी सोफ्यावर बसली होती. काचेच्या केबिनमध्ये मालक दिसला. केस पूर्ण पांढरे, अंग सुटलेलं, टेबलाला टेकून ठेवलेली काठी. मुलानं कापड ओढलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई गाडीला कुंकू लावायला पुढं झाली. माझी तीन वाक्यं जिभेवर तयार होती. म्हातारा हार घेऊन केबिनमधून निघाला, की सुरुवात.

पण आबा गाडीभोवती फिरायला लागले होते. सवयच ती. प्रत्येक चाकापाशी ते उकिडवे बसत, अंगठ्यानं रबर दाबत, आकडे वाचत आणि पुढं सरकत. मागच्या दोन चाकांपाशी त्यांना वेळ लागला. मग त्यांनी मला हाक मारली, शोरूममध्ये आल्यापासून पहिल्यांदाच.

"हिकडं ये. हे बघ. या दोन टायरला मिशा न्हाईत."

नव्या टायरवर रबराचे बारीक केस उभे असतात, साच्यातून निघताना राहिलेले. टायर दोन-चार दिवस रस्त्यावर फिरलं की ते झडतात. पुढच्या दोन टायरांवर ते भरपूर होते. मागची दोन तुळतुळीत होती, वर काळं पॉलिश मारलेलं. मी आकडे वाचले. पुढची तीन महिन्यांपूर्वीची, मागची तीन वर्षांपूर्वीची. कुठल्या तरी वापरलेल्या गाडीची टायरं माझ्या गाडीला चढवली होती.

खरं सांगते, मला राग आला नाही. मला आनंद झाला. इतकी वर्षं वाक्यं घासत बसले होते आणि या माणसानं हत्यार स्वतः आणून माझ्या हातात दिलं होतं.

मी मोबाईलवर चारही टायरांचे फोटो काढले, मग मुलाला बोलावलं. तो आधी म्हणाला, कंपनीकडूनच अशी येतात मॅडम. मी मिशा दाखवल्या. मग म्हणाला, वर्कशॉपमध्ये चूक झाली असेल, लगेच बदलून देतो, तुम्ही चहा घ्या. आवाज खाली ठेवून बोलत होता. मी ठेवला नाही.

"वडिलांना बोलवा. चावी ते देतात ना? मग हेही तेच बघतील."

"त्यांना कशाला त्रास…"

"नाहीतर हे फोटो घेऊन मी आत्ता कंपनीकडं तक्रार करते. आणि हे सोफ्यावर बसलेत त्यांना त्यांच्या गाड्यांची टायरं मोफत तपासून देते."

सोफ्यावरचा एक जण एव्हाना उठून स्वतःच्या गाडीपाशी गेलाच होता.

मालक काठी टेकत आला. माझ्याकडं बघून हसला, धंद्यातलं हसू. मग त्याची नजर आबांच्या कपाळावरच्या खुणेवर गेली आणि तिथंच थांबली. त्यानं ओळखलं. मी तोंड उघडलं, पण आबांनी हात आडवा केला.

"मालक, खाली बसा," ते म्हणाले. "अन् हा नंबर वाचा."

"गुडघे दुखत्यात रं."

"बसा. मी बसलोय की."

आबा खरंच चाकाशेजारी उकिडवे बसले होते. मुलगा पुढं यायला लागला तर मी त्याच्या वाटेत उभी राहिले. मालकानं इकडंतिकडं पाहिलं. गिऱ्हाइकं बघत होती, कामाला असलेली माणसं बघत होती. तो काठीवर भार देत हळूहळू खाली टेकला, एक गुडघा फरशीवर. चष्मा वर-खाली करून त्यानं आकडे वाचले.

"पैले दोन म्हंजे आठवडा," आबा म्हणाले. "मागचे दोन साल. किती वर्षं झाली?"

"तीन."

"जीपच्या टायरवर बी असंच लिवलेलं हुतं. मी दाखवलं हुतं का न्हाय?"

मालकानं चष्मा काढला.

"दाखवलं हुतं का न्हाय, एवढंच सांगा. मी बाकी काय इचारत न्हाय."

"व्हय," मालक म्हणाला. "दाखवलं हुतंस."

"मी पिलेलो हुतो?"

मुलगा म्हणाला, "काका, हे काय आता…" त्याच्याकडं कुणी बघितलं नाही.

"न्हाय," मालक म्हणाला. आवाज अगदी लहान होता. सोफ्यावरच्या लोकांना तो ऐकू गेला नसावा, म्हणून मी विचारलं, "काय म्हणालात?"

"पिलेला न्हवता. टायर जुनं हुतं."

आबा उठले. मालकाला उठता येईना. त्यानं हात वर केला, तो आबांच्या दिशेनं. आबांनी त्या हाताकडं बघितलं आणि शर्टाची घडी नीट केली. मी जवळच होते, माझेही दोन्ही हात मोकळे होते. मी पर्स खांद्यावरून काढली आणि पुन्हा अडकवली. शेवटी मुलानं आणि एका कामगारानं काखेत हात घालून त्याला उठवलं. त्याची काठी गाडीखाली घरंगळली होती, ती काढायला कामगाराला आडवं पडावं लागलं.

गाडी मी त्या दिवशी घेतली नाही. चारही टायरं आणि स्टेपनी नवी बसवून, दोन टायरं वापरलेली होती असं शोरूमच्या कागदावर सहीनिशी लिहून, गाडी अंथुर्ण्याला आणून द्यायची, चावी आबांच्या हातात द्यायची, असं मी मुलाला सांगितलं. चार दिवसांनी तो स्वतः घेऊन आला. चौकात गाडी थांबवून त्यानं आमचं घर विचारलं. मी मुद्दामच घराचा नीट पत्ता दिला नव्हता.

परतीच्या एस.टी.त आबांनी मला खूप सुनावलं. मला न सांगता नेलंस, बैल बाजाराला नेतात तसं, असं म्हणाले. मी ऐकून घेतलं, कारण ते खरं होतं. मग मी विचारलं, तुम्ही हात का नाही दिला? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला द्यावासा वाटला न्हाय." लासुर्ण्याजवळ आईनं पेढ्यांचा डबा उघडला आणि आम्ही तिघांनी तिथंच चालत्या गाडीत पेढे खाल्ले.

ही गोष्ट गावभर झाली. मीच केली. ज्या मुली हसायच्या त्यांतली एक आता आमच्याच गावात दिलेली आहे. तिला मी घरी चहाला बोलावून पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मध्ये ती उठायला लागली तर तिच्या कपात पुन्हा चहा ओतला.

दोन महिन्यांनी इंदापूरला एका लग्नात मालक भेटला. जेवणाच्या टेबलावर त्याच्यासमोरची खुर्ची रिकामी होती. मी ताट घेऊन तिथं जाऊन बसले. विचारलं, "गुडघा कसा आहे?" त्यानं मान खाली घातली. मी सावकाश जेवले, मठ्ठा दोनदा मागून घेतला. तो ताटात अर्धी पोळी ठेवून उठला. कुणीतरी हे आबांच्या कानावर घातलं. घरी आल्यावर ते म्हणाले, "माझं तवाच फिटलं. आता बास कर."

मी त्यांना हो म्हणाले. आबांनी लायसन्स पुन्हा काढायला नकार दिला, या वयात नको म्हणतात, पण शेजारच्या सीटवर बसून मला गिअर कधी बदलायचा ते सांगत असतात. गाडीला सर्व्हिसिंग इंदापुरातही मिळतं आणि ते आम्हाला जवळ पडतं. तरी मी गाडी बारामतीलाच नेते. काचेतून आम्हाला बघितलं की म्हातारा केबिनमधून उठतो आणि मागच्या दारानं वर्कशॉपकडं जातो. जायला त्याला वेळ लागतो. तो दाराआड होईपर्यंत मी गाडीतून उतरत नाही, बघत बसते.